अजमानात क्योटोची तालीम

क्योटोला मी आजतागायत गेलेले नाही. पण तिथल्या जुन्या वस्त्यांमध्ये कुठे वळायचं, कुठल्या कोपऱ्यावर स्वच्छतागृह आहे आणि देवळाच्या पायऱ्या चढताना नेमका कितव्या पायरीला दम लागतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. लॉन्ड्रीपाशी डावीकडे वळायचं, कॅफेटेरिया मागे टाकायचा, चराच्या काठाने सरळ जायचं. जपानला जाऊन आलेले लोक मला वेड्यात काढतात, काढोत बापडे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी दुबईत देरा भागात एका ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर बसायचे आणि राहायला अजमानला होते, कारण दुबईतल्या भाड्यात आमचं घर बसत नव्हतं. आमचं घर म्हणजे नवरा, मी आणि आठ महिन्यांची मुलगी. त्या वर्षी आमच्या मॅनेजरच्या डोक्यात जपान शिरलं. एप्रिलमध्ये चेरी फुलते, तेव्हा ग्रुप न्यायचा. गिऱ्हाइकं शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते माझ्याच लोकांच्या गळ्यात मारलं. दुबई, शारजा, फुजैरा मिळून चौदा मराठी माणसं तयार झाली. चौदांवर एक सीट एजन्सीला फुकट मिळत होती आणि ती माझ्या वाट्याची होती.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात क्योटोच्या गाइडबाईंचा फॅक्स आला. एक पान पत्र, एक पान हाताने काढलेला नकाशा. पत्रात लिहिलं होतं की जुन्या वस्त्या पायीच पाहाव्या लागतात, अंतर साधारण सहा किलोमीटर, शेवटी दोनशेच्या आसपास पायऱ्या, बस मागे येणार नाही, सुरुवात नदीच्या पुलावरून अकराला म्हणजे अकराला. पाहुण्यांना चालायची सवय आहे याची कृपया खात्री करून घ्यावी.

मॅनेजर केरळचा, वीस वर्षं गल्फमध्ये मुरलेला. शेजारच्या बिल्डिंगमध्ये चहा प्यायला तो गाडीने जायचा. फॅक्स वाचून त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, अपना लोग, छे किलोमीटर?"

"चलेंगे सर."

"नहीं चलेगा. फ्रायडे को ट्रायल लो."

त्याचं चुकत नव्हतं. आमचं चालणं म्हणजे लिफ्टपासून पार्किंगपर्यंत. किराणा दुकानासमोर गाडी थांबवून हॉर्न वाजवला की पाव आणि दूध काचेपाशी यायचं. माझा नवरा केस कापायला तीन मिनिटांच्या अंतरावर गाडी काढायचा आणि पार्किंग शोधण्यात वीस मिनिटं घालवायचा.

याच सुमाराला माझी आई नातीसाठी व्हिजिट व्हिसावर आली होती. आई कराडला शाळेत भूगोल शिकवायची. एकतीस वर्षं तिने जपान शिकवला. चार मोठी बेटं, भूकंप, रेशीम, जुनी राजधानी क्योटो. फळ्यावर जपानचा नकाशा ती न बघता काढायची, आणि स्वतः गोव्याच्या पलीकडे कधी गेली नव्हती. बाळाला सोडून मी काही जाणार नव्हते. तेव्हा ती फुकट सीट आईला द्यायची असं मी ठरवून टाकलं आणि जेवताना तिला सांगितलं.

आईने पानातला भात संपवला, हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, "तो नकाशा दाखव बघू."

दुसऱ्या दिवशी त्या फॅक्सवर प्लॅस्टिकचं कव्हर चढलेलं होतं.

पहिली ट्रायल मी घेतली. तिचं वर्णन करण्यासारखं काही नाही. सगळे कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, जमले, एक किलोमीटर चालले, पहिला कॅफेटेरिया दिसल्याबरोबर आत शिरले आणि पराठे मागवून बसले. शारजाचे एक अकाउंटंट काका तेवढेही चालले नाहीत. ते एसी लावून गाडी पहिल्या गिअरमध्ये आमच्या मागून आणत होते. विचारलं तर म्हणाले, "सेफ्टी पर्पज." आई बाळाची गाडी ढकलत हे सगळं पाहत होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "नुसतं चाला म्हटलं म्हणून कोणी चालत नसतं. कुठे चाललोय ते समोर दिसायला हवं."

पुढचा आठवडाभर मी कामाला गेले की आई नातीला गाडीत घालून बाहेर पडायची आणि अजमानच्या गल्ल्या पावलांनी मोजायची. वही, पेन, फॅक्स. शुक्रवारी सकाळी साडेसहाला चौदा माणसं मासळीबाजारामागच्या मोठ्या रस्त्यावर गोळा झाली, तेव्हा आई काळी छत्री उंच धरून उभी होती.

"ही नदी," ती रस्त्याकडे बोट दाखवून म्हणाली. "आणि हे झेब्रा क्रॉसिंग म्हणजे पूल. आपण आता क्योटोत आहोत."

अकाउंटंट काकांनी गाडी सुरू केली होती. आई काचेपाशी गेली.

"क्योटोत गाडी मागे येणार आहे का?"

"नाही बाई, पण..."

"किल्ली इकडे द्या. पायऱ्यांपाशी परत मिळेल."

पन्नाशीच्या त्या माणसाने निमूटपणे किल्ली काढून दिली. आईने ती पर्समध्ये टाकली, आणि त्या दिवसापासून ती सगळ्यांची 'बाई' झाली.

शिंपी आणि सलूनवाल्यांची गल्ली ही चहाघरांची वस्ती. "इथे चेहऱ्याला पांढरा रंग लावणाऱ्या कलावंतिणी राहतात," आई सांगत होती. "कोणाच्या घरात डोकवायचं नाही, न विचारता फोटो काढायचे नाहीत, हळू आवाजात बोलायचं." तेवढ्यात सलूनमधलं एक गिऱ्हाईक, हा गलका कसला म्हणून, तोंडभर साबणाचा फेस घेऊन दारात आलं. चौदाच्या चौदा माणसांनी माना खाली घातल्या आणि ती हळू आवाजात बोलत पुढे गेली. तो बिचारा कितीतरी वेळ आमच्याकडे बघत होता.

पुढे लॉन्ड्री. अकाउंटंट काकांची मुलगी दहावीत होती आणि तिला या सगळ्याची लाज वाटत होती. "आजी, धिस इज अ लॉन्ड्री," ती म्हणाली.

"आज आहे. एप्रिलमध्ये लाकडी घर असेल. डावीकडे वळ."

वळल्यावर लागणारा कॅफेटेरिया न थांबता मागे टाकायचा. पुढे टेलिफोनवाल्यांनी खणून विसरलेला चर हा कालवा होता. त्याच्या काठची दोन खजुरीची झाडं म्हणजे चेरी. अजमान ताटासारखं सपाट असल्याने पायऱ्यांचा प्रश्न होता, तो आईने आमच्या बिल्डिंगवर सोडवला. पाच मजले आणि गच्ची. जिना दोनदा चढायचा म्हणजे फॅक्सवरचा आकडा जुळतो. गच्चीवर डिश अँटेनांच्या मध्ये देऊळ. आमच्या इमारतीचा नातूर, म्हणजे राखणदार, पठाण होता. एवढी माणसं लिफ्ट सोडून जिन्याने धापा टाकत वर जाताहेत म्हटल्यावर लिफ्ट बिघडली असणार असं समजून तो प्रत्येकाची माफी मागत सुटला, आणि दुपारी मेकॅनिक येऊन चांगली चालणारी लिफ्ट उघडून बसला.

यानंतर शुक्रवारला रंग चढला. फुजैराच्या बंदरात काम करणारे एक गृहस्थ होते. ते पहाटे उठून डोंगर ओलांडून, सव्वाशेच्या वर किलोमीटर गाडी हाकून सहा किलोमीटर चालायला यायचे. एकही शुक्रवार चुकला नाही त्यांचा. चालताना ते अधूनमधून आकाशाकडे आणि मग आईकडे बघायचे, काहीतरी बोलायचं असल्यासारखे, पण बोलायचे नाहीत.

तिसऱ्या शुक्रवारी लॉन्ड्रीसमोरच्या पायरीवर एक माणूस बसला होता. तळकोकणातला, इमारतींना रंग द्यायच्या कामावर. मराठी ऐकून तो उठला.

"बाई, कसली मिरवणूक म्हणायची ही?"

"क्योटो बघतोय."

"ता खंय इला?"

"तुम्ही उभे आहात तिथे," आई म्हणाली. "जरा बाजूला व्हा, लाकडी घर दिसत नाहीये."

तो बाजूला झाला आणि मागोमाग चालू लागला. पुढच्या शुक्रवारी त्याच्या खोलीतले आणखी दोघे आले. महिन्याभरात तो इतका तयार झाला की आई एकदा चुकून चेरीची झाडं न दाखवता पुढे गेली तेव्हा मागून आवाज आला, "बाई, फुलां ऱ्हवली."

फेब्रुवारीच्या शेवटी व्हिसाचे फॉर्म आले. मी चौदा भरले आणि पंधरावा आईचा घेतला. अर्ध्यात एक रकाना होता, इथल्या निवासी परवान्याचा नंबर. तिथे माझं पेन थांबलं. आई व्हिजिट व्हिसावर होती. तिच्याकडे निवासी परवाना नव्हता, आणि इथला रहिवासी नसलेल्या माणसाला इथून व्हिसा मिळत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये. याच कारणासाठी मी स्वतः काउंटरवरून कितीतरी जणांच्या आयांना परत पाठवलं होतं, आणि वर, आधी विचारायचं नाही का, म्हणून ऐकवलंही होतं. स्वतःच्या आईच्या वेळी मात्र माझी अक्कल चरायला गेली होती.

मॅनेजर म्हणाला, "डोंट वरी मॅडम. मेरा पहचान है उधर. इन्शाल्ला, हो जायेगा."

गल्फमध्ये चार वर्षं काढलेल्या कोणालाही विचारा. प्लंबर कधी येणार, पगार कधी वाढणार, याचं उत्तर नुसतं इन्शाल्ला असलं की समजायचं, देवावर सोडलंय, माणूस काही करणार नाही. पण 'वास्ता', म्हणजे वशिला, या गोष्टीवर आमची सगळ्यांची अफाट श्रद्धा. कोणाचा तरी कोणीतरी असतोच. मी आईचा फॉर्म तो रकाना मोकळा ठेवून जपानी वकिलातीत घेऊन गेले. मॅनेजरची ओळख निघाली त्या इमारतीच्या पार्किंगवाल्याशी. गाडी सावलीत लावायला मिळाली, पासपोर्ट मात्र काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही हातांनी अदबीने परत केला. त्यांचंही बरोबर होतं. माझाच राग येत होता मला, आणि तो काढायला जागा नव्हती म्हणून घरी येऊन मी नवऱ्यावर काढला.

आईला मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत तीन आठवडे गेले. तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात साड्यांखाली होता. शुक्रवारी ती छत्री उंच धरून पुढे चालायची आणि मी बाळाची गाडी ढकलत सगळ्यांच्या मागे राहायचे. त्यात बाथरूममध्ये तेलाचा वास येऊ लागला. तिचा उजवा गुडघा दुखत होता. दार लावून ती तो चोळायची आणि बाहेर येऊन काही झालंच नाही अशा चेहऱ्याने नातीला घ्यायची. ती गुडघा लपवत होती आणि मी पासपोर्ट. दोघी एकमेकींशी त्या दिवसांत फार गोड वागत होतो.

ग्रुप निघायला आठवडा उरला तेव्हा मी संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आई बाळासाठी नाचणीचं सत्त्व ढवळत होती.

"आई, तुझ्या व्हिसाचं जरा..."

"तो परवान्याच्या नंबराचा रकाना ना?" ती ढवळता ढवळता म्हणाली. "तू फॉर्म घरी आणलेस त्याच दिवशी वाचला मी. तुम्ही लोक नुसते भरता, वाचत नाही."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. मग बघितलं, तुला फारच जड जातंय. म्हटलं, सांगेल सवडीने."

"अगं, मग गुडघा चोळत एवढी चाललीस कशाला दर शुक्रवारी? लपवलास कशाला?"

"कळला असता तर तू शुक्रवार बंद केले असतेस." तिने गॅस बारीक केला. "एकतीस वर्षं जपान शिकवला ग. पोरी खिडकीबाहेर बघत बसायच्या. इथे ते फुजैराचे गृहस्थ डोंगर ओलांडून येतात माझ्या तासाला."

मला रडू फुटलं. मी तिच्यावर चिडलेही होते, हेही लिहायला हवं. इतके दिवस माझा जीव टांगणीला लावून ही शांतपणे छत्री घेऊन फिरत होती.

"जायचं होतं ना तुला पण?" मी विचारलं.

"होतं की," आई म्हणाली. "खूप होतं." मग तिने मला चमचा दिला. "ढवळ जरा, गुठळ्या होतील."

ती सीट अर्थातच मॅनेजरने घेतली. आईने त्याला शेवटच्या तालमीला बोलावून घेतलं आणि दोनदा जिना चढवला. तो गच्चीवर डिश अँटेनाला धरून बराच वेळ उभा होता.

क्योटोच्या फेरीचा दिवस शुक्रवारच होता. तिथे अकरा म्हणजे आमच्याकडे सकाळचे सहा. सहाला आई, मी, बाळाची गाडी, तळकोकणातला तो रंगारी आणि त्याच्या खोलीतले पाचजण झेब्रा क्रॉसिंगवर हजर होतो. आई घड्याळ बघत चालत होती. "आता कलावंतिणींच्या गल्लीत असतील." "आता लाकडी घरं." गच्चीवर पोचल्यावर सगळे टाकीला टेकून बसलो.

"बाई, पोचली असतील काय ती माणसां?" रंगाऱ्याने विचारलं.

"पोचली," आई म्हणाली. "अकाउंटंट सोडून."

मंडळी परत आली ती शनिवारी, आठ दिवसांनी, आणि रविवारी आमच्या घरी जमली. प्रत्येकाची काहीतरी तक्रार होती. लाकडी घरांनंतर कॅफेटेरिया नव्हता म्हणून पावलं आपोआप थांबली आणि मागचे पुढच्यांवर आदळले. मॅनेजर शेवटच्या पायरीपर्यंत गेला आणि तिथे बाकावर आडवा झाला, तो उठेना. पण गाइडबाई चकित झाल्या होत्या म्हणे. सगळे ओळीत चालले, कोणी कोणाच्या दारात डोकावलं नाही, पुढे काय येणार ते आधीच माहीत. कुठे शिकलात म्हणून त्यांनी विचारलं. अकाउंटंट काकांनी सांगितलं, अजमानला. गाइडबाईंना ते गाव माहीत नव्हतं. निघताना त्यांनी आपला मूळ नकाशा, शाईने काढलेला, 'तुमच्या बाईंना द्या' म्हणून पाठवला होता.

आईने चष्मा लावला आणि तो जाड कागद दोन्ही हातांत धरला. बघता बघता तिचा चेहरा उतरला. कागदाच्या कडेला एक बारीक बाण होता. फॅक्समध्ये ती कड कापली गेली होती. बाणाचं टोक डावीकडे होतं आणि तिथे 'उत्तर दिशा' असं लिहिलेलं होतं. डोंगर पूर्वेला म्हणून गाइडबाईंनी पूर्व वर काढली होती. आईने वर उत्तर धरली होती. तीन महिने आम्ही सगळे आडव्या क्योटोत फिरत होतो.

"नकाशात उत्तर दिशा दाखवली नाही तर मी दोन मार्क कापायची," आई हळूच म्हणाली. "किती पोरींचे कापलेत."

फुजैराच्या गृहस्थांनी घसा साफ केला. "मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. बंदरात दिशा बघायची सवय असते. पण बाईंना कोण सांगणार?"

सगळे हसले. आई हसली नाही. लोक गेल्यावर तिने वही काढली आणि उशिरापर्यंत बसून अजमान नव्याने मांडलं. देऊळ आमच्या गच्चीवर ठेवायचं तर नदी पश्चिमेला जात होती, आणि सुरुवातीचा पूल समुद्रात.

"आपल्या पश्चिमेला एवढं पाणी होतं," ती म्हणाली, "आणि मी मासळीबाजारामागचा रस्ता घेऊन बसले."

"आता शुक्रवारी नीट करू," मी बोलून गेले, आणि मग दोघींनाही आठवलं. तिचा व्हिसा संपत होता. विमान बुधवारी होतं.

"मग मंगळवारी," आई म्हणाली. "चुकीचं शिकवून जायचं नाही मला."

मंगळवारची मी रजा मागितली. मॅनेजरच्या पोटऱ्या अजून धरलेल्या होत्या, त्याने काही न विचारता दिली. सकाळी सहाला आम्ही कॉर्निशवर गेलो. कोणी नव्हतं, सगळ्यांचे कामाचे दिवस. आईने चपला वाळूत काढल्या, साडी वर खोचली, आणि उजवा पाय जपून टाकत पोटरीइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. मग किनाऱ्याकडे तोंड करून छत्री उंच धरली.

"पूल खरं तर तिकडे आहे, त्या होडीपाशी," ती म्हणाली. "पण एवढ्यावर भागवू. सगळे आले?"

किनाऱ्यावर मी होते आणि गाडीत बाळ होतं.

"आले," मी म्हटलं.

"मग तिथे काय उभी आहेस? फेरी पुलापासून सुरू होते. उत्तर डाव्या हाताला ठेवायची."

मी बाळाला कडेवर घेतलं, चपला काढल्या आणि पाण्यात उतरले.